इमारत पुरी कधी होते?

शाळेच्या इमारतीत आपण रोज वावरतो; पण ती बदलत असते हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जरा आठवून पाहा. आज जिथे संगणक कक्ष आहे, तिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय होते? अनेक शाळांत उत्तर येईल : साधा वर्ग, ग्रंथालय किंवा शिवणकामाची खोली. व्हरांड्याला जाळी ठोकून केलेले भांडारगृह, जिन्याखाली कोंबलेले खेळाचे साहित्य, मागच्या बाजूला नंतर जोडलेली मुलींची स्वच्छतागृहे, चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर घातलेला उतार यांपैकी फारच थोड्या गोष्टी मूळ नकाशात असतील. इमारत साठ-सत्तर वर्षे टिकावी अशा बेताने बांधली जाते आणि तिचा उपयोग मात्र दर पाच-दहा वर्षांनी पालटतो.

मग नकाशा काढणाऱ्याने काय करावे? पुढे काय लागेल हे त्याला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसल्याचा दोष त्याला देता येत नाही. पण 'पुढे काहीतरी बदलणार आहे' एवढे तर नक्की ठाऊक असते. या एवढ्याशा माहितीच्या बळावर इमारत कशी रचावी, हा प्रश्न गेल्या शतकात अनेकांनी हाताळला. काहींना उत्तर योगायोगाने सापडले, काहींनी ते शोधले, आणि काहींचे अतिशय हुशारीने काढलेले उत्तर सपशेल चुकले. त्या प्रयत्नांचा हा इतिहास.

सहा महिन्यांची इमारत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत रडारवर संशोधन चालले होते. त्यासाठी १९४० साली स्थापन झालेल्या 'रेडिएशन लॅबोरेटरी'त माणसे इतक्या वेगाने वाढत गेली की जागा पुरेना. तेव्हा १९४३ मध्ये घाईघाईने एक तीन मजली इमारत उभारण्यात आली. पोलाद युद्धाला हवे होते, म्हणून खांब, तुळया सगळे लाकडाचे. डॉन व्हिस्टन यांनी तिचा आराखडा एका दुपारात काढला असे सांगतात. एवढी मोठी लाकडी इमारत आगीच्या नियमांत बसत नव्हती. परंतु ती तात्पुरती आहे, युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत काढून टाकायची आहे, या समजुतीवर परवानगी मिळाली. तिला कोणाचे नावही दिले गेले नाही. ती 'इमारत क्रमांक २०'.

ही तात्पुरती इमारत १९९८ साली पाडली गेली, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी!

इमारत काही सुखाची नव्हती. उन्हाळ्यात ती तापे, हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींतून वारा येई. लोक तिला थट्टेने 'प्लायवुडचा राजवाडा' म्हणत. पण युद्धानंतर संस्थेत ज्या-ज्या नव्या विषयाला जागा नसे, तो विषय इथे येऊन बसे. इलेक्ट्रॉनिकीची प्रयोगशाळा इथे होती, ध्वनिशास्त्राची होती, आणि त्यांच्या शेजारी नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले भाषाविज्ञान घडवत होते. विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या आगगाड्यांचा एक क्लबही इथेच होता. गाड्यांचे रूळ आणि सांधे आपोआप चालवणारी विजेची मंडले जोडता-जोडता त्यातली मुले संगणकाकडे वळली. संगणक वापरणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतले काही जण या क्लबातून आले.

शिक्षकांना एक नाव कदाचित परिचयाचे वाटेल, जेरॉल्ड झकारियास यांचे. शालेय भौतिकशास्त्राचा प्रसिद्ध 'पीएसएससी' अभ्यासक्रम १९५६ पासून त्यांच्या पुढाकाराने तयार झाला. हे झकारियास या इमारतीत अणुघड्याळावर काम करीत होते. त्यांना तीन मजले उंचीचा एक धातूचा दंडगोल उभा करायचा होता. खोलीची उंची पुरत नव्हती, तेव्हा त्यांनी वरच्या दोन मजल्यांच्या जमिनी कापून काढल्या. तो उंच प्रयोग यशस्वी झाला नाही. पण त्याच कामातून निघालेले दुसरे, लहान घड्याळ १९५६ मध्ये बाजारात आले, आणि ते बाजारात आलेले पहिले अणुघड्याळ ठरले.

मजला कापण्याची सोय कुठल्याही नकाशात दाखवलेली नव्हती. मग ती या इमारतीत आली कुठून? कारणे साधी आहेत. भार खांब-तुळयांवर होता, त्यामुळे आतल्या भिंती हलक्या आणि काढता-घालता येण्याजोग्या होत्या. जमिनी जड यंत्रांचे वजन पेलतील इतक्या मजबूत होत्या. वीज, पाणी, वायू यांच्या नळ्या-तारा भिंतीत पुरलेल्या नसून उघड्या होत्या. कोणीही पाहावे आणि जोड घ्यावा. कंगव्याच्या दात्यांसारख्या अरुंद शाखा असल्यामुळे उजेड जवळपास प्रत्येक खोलीत येई. आणि शेवटचे कारण असे की, इमारत आज ना उद्या पाडायचीच असल्याने तिच्या भिंतीला भोक पाडले म्हणून कोणी जाब विचारत नसे.

या शेवटच्या कारणाचे मोल मला अनुभवाने पटले आहे. एकदा एका निर्वात पंपाची नळी शेजारच्या खोलीत न्यायची होती. भिंतीला मनगटाएवढे भोक पाडायला दहा मिनिटे पुरली; परवानगीच्या कागदाला पाच महिने लागले. तोवर प्रयोगाची दिशाच बदलली होती.

निरनिराळ्या आयुष्याचे थर

इमारत क्रमांक २० मध्ये जे आपोआप घडले, त्यामागचे तत्त्व शब्दांत मांडायला आणखी काही दशके जावी लागली. फ्रान्सिस डफी हे ब्रिटिश वास्तुरचनाकार कार्यालयांच्या इमारतींचा अभ्यास करीत होते. त्यांच्या ध्यानात आले की 'इमारत' अशी एक वस्तू नसतेच. ते निरनिराळ्या आयुष्याच्या थरांचे मिश्रण असते. स्ट्युअर्ट ब्रँड या अमेरिकन लेखकाने हा विचार पुढे नेला आणि १९९४ साली 'हाऊ बिल्डिंग्ज लर्न' या पुस्तकात सहा थर सांगितले.

पहिला थर जागेचा. ती जवळजवळ कायमची असते. दुसरा सांगाडा, म्हणजे पाया, खांब, तुळया. त्यांचे आयुष्य ३० ते ३०० वर्षे. तिसरे बाहेरचे आवरण, सुमारे २० वर्षांचे. चौथा थर सेवांचा, म्हणजे नळ, वीज, सांडपाणी, उद्वाहक यांचा. तो ७ ते १५ वर्षांत झिजतो किंवा कालबाह्य होतो. पाचवी आतली मांडणी, म्हणजे आडभिंती आणि दारे. दुकानात ती तीन वर्षांत बदलते, घरात तीस वर्षेही टिकते. सहावे सामान; ते तर रोज हलते. हे आकडे ब्रँड यांनी त्यांच्याकडच्या इमारतींवरून काढले आहेत. आपल्याकडे ते थोडे वेगळे येतील, पण क्रम फारसा बदलणार नाही.

आता यातून एक नियम निघतो. लवकर झिजणारा थर सावकाश झिजणाऱ्या थरात अडकवला, तर लवकर झिजणारा थर बदलण्यासाठी टिकाऊ थर फोडावा लागतो. आपल्या घरांत हे नेहमी घडते. नळ आणि तारा दिसू नयेत म्हणून आपण त्या भिंतीत पुरतो. पंधरा वर्षांनी नळ गळू लागला की फरशा फोडतो, गिलावा उकरतो, आणि पुन्हा नवा नळ तिथेच पुरतो! सौंदर्याची ही किंमत किती वेळा मोजायची ते आपण बांधताना मोजत नाही.

खणांची घरे

ब्रँड यांच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी, अशी थरांची विभागणी आपल्या जुन्या बांधकामात होती. पेशवाई वळणाचा वाडा आठवा. वरच्या मजल्यांचा भार बहुतांशी लाकडी खांब आणि तुळयांवर, त्यावर कडीपाट. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर केवढे, तर इतक्या खणांचे. आतली आडभिंत बहुधा खांबांमधली भर असे. ती काढली तर दोन खोल्यांचे दालन होई. घातली तर एका दालनात दोन बिऱ्हाडे राहत. म्हणूनच वाड्यांमध्ये पुढे भाडेकरू आले, छापखाने आले, दुकाने आली आणि शाळाही आल्या. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती पुण्यातील भिड्यांच्या वाड्यात. शाळा म्हणून कोणी तो वाडा बांधला नव्हता.

नंतर भार पेलणाऱ्या विटांच्या भिंती सर्रास आल्या आणि ही सोय कमी झाली. जी भिंत छत तोलते ती काढता येत नाही. सलोह काँक्रीटचे खांब-तुळया आल्यावर खरे तर ती परत यायला हवी होती. सांगाडा पुन्हा भिंतींपासून सुटा झाला होता. पण तोवर नळ-तारा भिंतीत शिरल्या होत्या, आणि 'नकाशाप्रमाणे पुरी झालेली' इमारत हाच दर्जा मानला जाऊ लागला होता.

आधार आणि भर

महायुद्धानंतर युरोपात घरांचा प्रचंड तुटवडा होता. सरकारांनी एकसारख्या सदनिकांच्या लांबच लांब चाळवजा इमारती उभारल्या. नेदरलँड्समधील वास्तुरचनाकार जॉन हाब्राकन यांनी १९६१ साली एका पुस्तकात या पद्धतीवर टीका केली. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'आधार आणि माणसे' असा होतो. त्यांचे म्हणणे असे की, घर ही तयार करून वाटायची वस्तू नव्हे. घर करणे ही माणसाची क्रिया आहे, आणि सामूहिक बांधकामाने तीच काढून घेतली आहे. उपाय म्हणून त्यांनी इमारतीचे दोन भाग केले. एक 'आधार' : सांगाडा, जिने, मुख्य नळ. हा सर्वांचा, दीर्घायुषी, आणि त्याचे निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचे. दुसरी 'भर' : आतल्या भिंती, स्वयंपाकघर, न्हाणी. ही ज्या-त्या कुटुंबाची आणि तिचे निर्णय त्या कुटुंबाचे.

यातली विभागणी तांत्रिक वाटते, पण तिच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे : कोणत्या गोष्टीचा निर्णय कोणी घ्यायचा? हाब्राकन १९७५ मध्ये एमआयटीत वास्तुरचना विभागाचे प्रमुख म्हणून गेले, तेव्हा इमारत क्रमांक २० तिथे उभीच होती. त्यांच्या विचाराचा पाठपुरावा पुढे जपानने चिकाटीने केला. ओसाका शहरात १९९३ साली 'नेक्स्ट २१' ही १८ घरांची प्रायोगिक इमारत झाली. तिच्यात सांगाडा, आवरण, नळ आणि आतली मांडणी हे सारे परस्परांपासून सुटे ठेवले आहे, आणि घरे आतून प्रत्यक्ष बदलून पाहिली गेली आहेत.

जे बदलता आले नाही

जपानमध्येच त्याआधी एक मोठा धडा मिळाला होता. टोकियोत १९७२ साली किशो कुरोकावा यांनी 'नाकागिन कॅप्सूल टॉवर' उभारला. काँक्रीटचे दोन मनोरे, आणि त्यांना बोल्टांनी अडकवलेल्या १४० खोल्या. प्रत्येक खोली सुमारे १० चौरस मीटरची, कारखान्यात तयार झालेली. मनोरा टिकाऊ, खोल्या अल्पायुषी. साधारण २५ वर्षांनी जुनी खोली काढायची आणि नवी लावायची. थरांचा नियम इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी अमलात आणला असेल.

आणि एकही खोली कधी बदलली गेली नाही. मधली एक काढायची तर तिच्या वरच्या खोल्या आधी काढाव्या लागत. प्रत्येक खोलीचा मालक निराळा, त्यामुळे सर्वांची संमती आणि सर्वांचे पैसे एकाच वेळी जुळायला हवेत. त्यात खोल्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होते. शेवटी नळ गंजले, पाणी झिरपू लागले आणि २०२२ मध्ये इमारत उतरवण्यात आली. काही खोल्या संग्रहालयांसाठी जपून ठेवल्या आहेत.

चूक कुठे झाली? बदल होणार हे कुरोकावांनी ओळखले होते. पण तो कसा होईल हेही त्यांनीच ठरवून टाकले. अख्खी खोली, एकाच मापाची, पंचवीस वर्षांनी. माणसे असे बदलत नाहीत. कोणाला एक खिडकी हवी असते, कोणाला एक कप्पा, कोणाला मुलगा मोठा झाला म्हणून आणखी एक खोली.

सळया ठेवलेली घरे

आपल्याकडे गावोगावी स्लॅबवर उभ्या सळया दिसतात. खाली घर नांदते आहे, वर सळया गंजताहेत. पाहुण्याला ते अपुरे घर वाटते. घरच्यांना तसे वाटत नाही. धाकट्याचे लग्न ठरले की वर खोली चढणार असते. गरीब आणि मध्यमवर्गीय माणूस जगात बहुतेक ठिकाणी घर असेच बांधतो, पैसा येईल तसे, टप्प्याटप्प्याने. मग सरकारी घरकुल योजनेत ते एकदम पुरे करून, वाढायला जागा न ठेवता का द्यायचे?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस पेरू देशाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने लिमा शहरासाठी एक स्पर्धा घेतली. वाढू शकतील अशी स्वस्त घरे, हा तिचा विषय होता. निवडलेल्या १३ परदेशी संघांत कुरोकावा आणि त्यांचे सहकारी होते, आणि मुंबईचे चार्ल्स कोरियाही होते. परीक्षकांनी एकच रचना निवडण्याऐवजी बहुतेक सर्व थोड्या-थोड्या बांधून पाहायचे ठरवले. साडेचारशेहून अधिक घरे झाली. पुढच्या काळात रहिवाशांनी त्यांवर मजले चढवले आणि खाली दुकाने काढली. काही घरे मूळ रूपात ओळखूही येत नाहीत. पण वस्तीतले चौक आणि पायवाटा मात्र टिकून राहिल्या.

कोरियांनी हा विचार पुढे नवी मुंबईत राबवला. बेलापूर येथे सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी सुमारे ५५० कुटुंबांची बैठी, दाट वस्ती रचली. सात घरे आणि त्यांच्यामध्ये आठ मीटर लांब-रुंद अंगण. अशा तीन गटांची मिळून २१ घरे आणि त्यांचे मोठे अंगण. प्रत्येक घर स्वतंत्र भूखंडावर; भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. उत्पन्नगट वेगळे असले तरी भूखंडांत फार तफावत ठेवलेली नव्हती. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नसावी, ही यातली महत्त्वाची गोष्ट. भिंत सामाईक असली की वाढीला शेजाऱ्याची संमती लागते. नाकागिनमध्ये जी अडचण शेवटी इमारतीच्या जिवावर बेतली, ती इथे सुरुवातीलाच टाळली होती.

याच सुमारास इंदूरमध्ये बाळकृष्ण दोशी 'अरण्य' ही वस्ती आखत होते. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७ सालचा. सुमारे ८५ हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, त्यांतले सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचे. गरिबांना पुरे घर देण्याइतका पैसा नव्हता. दोशींनी विचार केला, माणसाला स्वतःला काय करता येत नाही? भिंत त्याला बांधता येते, छप्परही घालता येते. सांडपाण्याची वाहिनी, शुद्ध पाणी, रस्ता हे मात्र एकट्याने करता येत नाही. म्हणून लहान भूखंडावर जोते, नळ आणि शौचालय आधी दिले. घर कसे वाढू शकते हे दाखवायला ८० नमुन्याची घरे बांधली, आणि बाकीचे लोकांवर सोडले. मोठे भूखंड चढ्या भावाने विकून गरिबांच्या भूखंडांचा भार उचलला. 'अरण्य'ला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

आज बेलापूरला गेलात तर कोरियांची उतरत्या छपरांची घरे थोडीच दिसतील. त्यांच्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे आली आहेत, त्यांतली काही एकमेकांचा उजेड अडवतात. काहींना हा योजनेचा पराभव वाटतो. मला तसे वाटत नाही. घरे बदलावीत म्हणूनच ती रचना होती. पाहायचे ते हे की, अंगणे शिल्लक आहेत का? ती आहेत. सर्वांचे ते टिकले, ज्याचे-त्याचे ते बदलले. उजेडाची अडचण मात्र खरी आहे, आणि ती एक गोष्ट शिकवते. वाढीला मोकळीक द्यायची तर तिच्या मर्यादाही आधी ठरवून पाळाव्या लागतात.

आपल्या शाळेपुरते

या सगळ्या उदाहरणांतून मला एकच निष्कर्ष दिसतो. भविष्य ओळखणे हे रचनाकाराचे काम नव्हे. काय कायम राहिले पाहिजे एवढे त्याने नीट ठरवावे : सांगाडा, उजेड-वारा, सांडपाणी, सर्वांची मोकळी जागा. ते भक्कम करावे, आणि उरलेले वापरणाऱ्यांच्या हाती सोडावे. इमारत क्रमांक २० मध्ये हे निष्काळजीपणाने झाले, 'अरण्य'मध्ये विचारपूर्वक, आणि नाकागिनमध्ये झालेच नाही.

शाळेला नवी खोली मिळते तेव्हा शिक्षकांना सहसा कोणी विचारत नाही. पण विचारले, किंवा न विचारता बोलायची संधी मिळाली, तर चार गोष्टी सांगता येतील. वीज आणि पाण्याच्या वाहिन्या भिंतीबाहेरून, हात पोचेल अशा न्याव्यात. दोन वर्गांमधली भिंत शक्यतो भार न पेलणारी असावी, म्हणजे पुढे वर्ग जोडता येतील. वर मजला चढणार असेल तर पाया आणि खांब आजच त्या वजनाला पुरे असे करावेत. नुसत्या सळया ठेवून भागत नाही, आणि ठेवलेल्या सळयाही गंजू नयेत म्हणून हलक्या काँक्रीटने झाकाव्या लागतात. आणि जिना अशा जागी असावा की वरचा मजला आल्यावर तो तसाच पुढे नेता येईल. यांतल्या बहुतेक गोष्टींना जादा खर्च थोडा येतो, पण त्या वेळेवर सुचाव्या लागतात.

आठवी-नववीच्या मुलांकडून एक काम करून घेता येईल. शाळेचा साधा नकाशा त्यांनी काढावा. मग जुने शिपाईमामा, निवृत्त शिक्षक, गावातले माजी विद्यार्थी यांना विचारून कोणता भाग कधी झाला, कोणत्या खोलीत पूर्वी काय होते, कोणती भिंत का पडली, हे निरनिराळ्या रंगांनी भरावे. गणित, भूगोल आणि इतिहास तिन्ही त्यात येतात. नकाशा भरून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा : यातला कोणता बदल सहज झाला, आणि कोणत्या बदलासाठी फोडाफोड करावी लागली? उत्तरे जपून ठेवावीत. पुढची खोली बांधायची वेळ येईल तेव्हा ती उपयोगी पडतील.